अद्भुतकथामालांचे आरंभखंड : ठाणे-कल्याण परिसरातील कुमारवाचनाच्या इतिहासाचे एक साधन

१

सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'चे पहिले लंबक 'कथापीठ' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात येणारी गुणाढ्याची कथा महाराष्ट्रीय वाचकास विशेष जिव्हाळ्याची वाटावी, कारण तिचा संबंध सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे पैठणशी, आहे. गुणाढ्याने पैशाची भाषेत रचिलेली सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा राजाने अव्हेरली. तेव्हा खिन्न झालेल्या गुणाढ्याने रानात अग्नी प्रज्वलित केला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखविले आणि ते त्या अग्नीत अर्पण केले. राजा तेथे पोहोचला तोवर सहा लक्ष श्लोक भस्मसात झाले होते. नरवाहनदत्ताच्या कथेचे एक लक्ष तेवढे उरले होते.

ह्या कथेत वाचनाच्या इतिहासकारास विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. ग्रंथाचा आरंभ स्वतःच ग्रंथाच्या नाशाची हकीकत सांगतो, आणि जे नष्ट झाले ते प्रथम मनःपूर्वक ऐकले गेले होते. वने ओलांडून आलेले पशू चारा विसरून ऐकत होते असे सोमदेव सांगतो. ऐकले गेले ते जळाले. न वाचलेले तेवढे राहिले. कुमारवयीन वाचकांच्या आवडत्या पुस्तकांचे भाग्य ह्याहून फारसे निराळे नाही. जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात एखाद्या अनेकखंडी अद्भुत कादंबरीचे दुसरा, तिसरा व चौथा असे भाग सुस्थितीत असावेत आणि पहिला तेवढा नसावा, हा अनुभव अशा कपाटांत शोध घेणाऱ्या अभ्यासकास अपरिचित नसेल.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा हरवलेला पहिला भाग होय. कुमारवयीन, म्हणजे स्थूलमानाने बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांनी वाचलेल्या अद्भुतकथामालांचे आरंभखंड ही केवळ वाङ्मयीन वस्तू नसून वाचनाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. हे साधन त्याच्या उपयोगामुळेच नष्ट होत असते. आणि म्हणून त्याच्या रक्षणाचा विचार हेतुपुरस्सर केला पाहिजे, असे येथे मांडावयाचे आहे. विवेचनासाठी ठाणे, कल्याण व डोंबिवली हा परिसर निवडला आहे. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेली मराठी ग्रंथालये, मुंबईशी लोहमार्गाने जोडलेले दैनंदिन जीवन आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने वाढलेली मध्यमवर्गीय वसाहत ह्या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आढळतात.

२

प्रथम 'आरंभखंड' म्हणजे काय हे निश्चित करावयास हवे, कारण वाटतो तितका हा प्रश्न सोपा नाही. भारताचा आरंभ कोठे मानावा ह्याविषयी खुद्द आदिपर्वातच मतभेद नोंदविलेला आहे : कोणी मनूपासून, कोणी आस्तीकापासून, तर कोणी उपरिचराच्या कथेपासून भारताचा पाठ आरंभितात, असे तेथे म्हटले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या आणि डॉ. वि. सी. सुखटणकर ह्यांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीतही (१९२७ ते १९३३) हा निर्देश कायम राहिला आहे. तात्पर्य, ग्रंथाचा पहिला भाग कोणता हे कर्त्याप्रमाणेच पाठकही ठरवीत असतो.

आधुनिक काळातही हाच प्रश्न पुन्हा उद्भवला. सी. एस. लुईस ह्यांच्या नार्निया मालेतील जो खंड १९५० साली प्रथम प्रकाशित झाला त्यात कपड्यांच्या कपाटातून परलोकात प्रवेश होतो. परंतु त्या परलोकाच्या उत्पत्तीची कथा सांगणारा खंड १९५५ साली निघाला आणि पुढील काही आवृत्त्यांत त्यास पहिले स्थान देण्यात आले. प्रथम कोणता वाचावा ह्याविषयी वाचकांत अद्यापि दोन पक्ष आहेत. टोल्किन ह्यांची मुद्रिकाकथा वस्तुतः एकच अखंड कृती होय. प्रकाशनाच्या सोयीकरिता १९५४ व १९५५ ह्या वर्षांत ती तीन खंडांत निघाली. तिच्या पहिल्या खंडास स्वतंत्र शेवट नाही. उलट जे. के. रोलिंग ह्यांच्या हॅरी पॉटर मालेचा १९९७ साली निघालेला पहिला खंड मात्र स्वतःपुरता पूर्ण आहे. पुढचे खंड निघाले नसते तरी त्यास कथा म्हणून उणेपणा आला नसता.

ह्यावरून आरंभखंडांचे दोन प्रकार करता येतात. एका विस्तृत कृतीचा केवळ पहिला अंश, त्यास आपण 'पहिला भाग' म्हणू. आणि स्वतः पूर्ण असून पुढील कथांना वाट मोकळी ठेवणारा, त्यास 'पहिले पुस्तक' म्हणू. पहिला भाग वाचकास बांधून घेतो, पहिले पुस्तक त्यास आमंत्रण देते. मराठी अद्भुत वाङ्मयात ह्यांपैकी पहिला प्रकार विपुल असून दुसरा विरळ आहे. ह्याची कारणे ऐतिहासिक आहेत; आता त्यांकडे वळू.

३

मराठी गद्यातील अद्भुताच्या छापील परंपरेत १८६१ हे वर्ष लक्षणीय आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्यांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' ह्याच वर्षापासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची 'मुक्तामाला' ही कादंबरीही त्याच वर्षीची. पुढे हळबे ह्यांचीच 'रत्नप्रभा' (१८६६) व नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' (१८६८) ह्या कृतींनी ही वाट रुंद केली. रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत आपल्या निवडीचे जे समर्थन केले आहे ते फार बोलके आहे. विवाहाची रूढी व तत्सम इतर कारणांमुळे आपणा हिंदूंच्या नित्याच्या जीवनात कादंबरीस उपयोगी पडेल असे चित्ताकर्षक काही घडत नाही. सबब मनोरंजन साधावयाचे तर अद्भुताचा आश्रय करणे प्राप्त आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

पुढील पिढीने हे प्रतिपादन खोटे ठरविले. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' १८८५ साली अवतरली आणि नित्याच्या जीवनातही कादंबरीचे द्रव्य असते हे सिद्ध झाले. आपल्या वाङ्मयेतिहासांनी येथून पुढे अद्भुताला मागे पडलेली पायरी मानले. ह्या निर्णयाचा एक परिणाम मात्र कोणी फारसा ध्यानात घेतला नाही. प्रौढांच्या कादंबरीतून हद्दपार झालेले अद्भुत कुमारांच्या हाती गेले. गो. ना. दातार ह्यांनी रेनॉल्ड्सच्या आधारे रचलेल्या 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष' इत्यादी कादंबऱ्या, तसेच नाथमाधव ह्यांची 'वीरधवल' (१९१३) ही पुस्तके लिहिली गेली ती सर्वसाधारण वाचकांसाठी. परंतु त्यांचे नाव निघताच शाळकरी वयाच्या आठवणी जाग्या होतात, असे सांगणारे वाचक पिढ्यान्‌पिढ्या भेटत आले आहेत. 'कुमारवाङ्मय' हे नाव रूढ होण्यापूर्वीच ह्या वाङ्मयास कुमार वाचक लाभला होता. इंग्रजी भाषिक जगातही स्थिती फार निराळी नव्हती; अमेरिकन ग्रंथालय संघात ह्या वयोगटासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला तो १९५७ साली.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. 'वीरधवल'सारख्या कृतीला एवढा वाचक असता कल्पित राज्यांच्या दीर्घ कथामाला मराठीत का फोफावल्या नाहीत? हिंदीत देवकीनंदन खत्री ह्यांच्या 'चंद्रकांता'ला (१८८८) 'चंद्रकांता संतती' ह्या नावाने विस्तृत अनुवृत्ती लाभली. मराठीत तसे घडले नाही. ह्याचे उत्तर नाथमाधवांच्याच लेखनक्रमात सापडते असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यांनी माला लिहिली ती अद्भुताची नव्हे, तर स्वराज्याची. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशी ही ओळ पुढे चालत जाते. अन्य भाषांत कल्पित विश्वाच्या मालेने जी जागा व्यापिली, ती मराठीत शिवकालाने व्यापिली. तरुण वाचकास हवे असलेले गड, भुयारे, वेषांतरे, प्रतिज्ञा व निष्ठा हे सर्व त्याला इतिहासातच मिळाले. आणि तेही आपले म्हणून मिळाले.

ह्याचा आरंभखंडाच्या रचनेवर सखोल परिणाम झाला. कल्पित विश्वाच्या आरंभखंडास तेथील भूगोल, राजवंश, मंत्रविद्या, नियम व निषेध हे सर्व वाचकास शिकवावे लागते. 'स्वराज्याचा श्रीगणेशा' हाती घेणाऱ्या मुलास ह्यांपैकी काहीच शिकवावे लागत नव्हते. त्या मालेचा पहिला खंड आपल्या नावातच आरंभ जाहीर करतो, आणि वाचकास शेवट आधीच ठाऊक असतो. कल्याणच्या मुलास तर कथाभूमी शोधावयासही दूर जावे लागत नव्हते : शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली ती त्याच्या गावची गोष्ट होती, आणि खाडीकाठचा दुर्गाडी त्याच्या नित्य दृष्टीस पडत होता. ठाण्याच्या मुलासमोर १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला उभा होता, मग त्या किल्ल्याचे पुढे कारागृह झाले असले तरी बिघडत नव्हते. परलोकाचे दार त्याला गावातच होते. त्यामुळे आरंभखंडास दार बांधण्याचे श्रम करावे लागले नाहीत, आणि ते श्रम करण्याची सवयही आपल्या गद्याला लागली नाही.

४

हे वाचन कोणत्या संस्थांच्या आश्रयाने झाले? बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व १८५४ च्या मे महिन्यात तो कल्याणपर्यंत पोहोचला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ साली, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. ठाण्यास १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे ह्यांनी सहकाऱ्यांसह मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले. तेव्हा भावे ह्यांनी विशी नुकतीच ओलांडली होती. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह हे उद्दिष्ट ठेवणारी संस्था म्हणून तिचे स्थान मोठे आहे. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय तिच्यानंतर पाच वर्षांनी निघाले. डोंबिवलीची वाढ त्यामानाने अलीकडची; तेथे सार्वजनिक संस्थांच्या जोडीला वर्गणी घेऊन घरगुती वाचनाची सोय करणाऱ्या खाजगी ग्रंथालयांनी मोठा वाचकवर्ग घडविला.

ह्या संस्थांच्या देवघेवीची पद्धती सर्वपरिचित आहे. सभासद अनामत ठेवतो, मासिक वर्गणी देतो, एका वेळी एक किंवा दोन पुस्तके नेतो, ठराविक मुदतीत परत करतो. ह्या साध्या व्यवस्थेतून आरंभखंडाविषयी काही अनुमाने अनिवार्यपणे निघतात. दुसरा भाग वाचणारा बहुधा पहिला भाग वाचून आलेला असतो, परंतु पहिला वाचणारा प्रत्येक जण दुसऱ्याकडे जातोच असे नाही. अर्थात कोणत्याही मालेत पहिल्या भागाची देवघेव सर्वांत अधिक व पुढे ती उतरत जाणारी असली पाहिजे. पहिल्या भागाची बांधणी आधी सैल होते, पृष्ठे आधी सुटतात, तो अधिक वेळा हरवतो, आणि वार्षिक तपासणीत जीर्ण म्हणून बाद होणाऱ्या पुस्तकांत त्याचा क्रम आधी लागतो. बाद झालेला भाग पुन्हा विकत घ्यावा तर तो सुटा मिळत नाही. मग उरलेले भाग निराधार होतात. त्यांना कोणी हात लावत नाही, आणि म्हणूनच ते दीर्घकाळ टिकतात. संग्रहात जे टिकून राहिले त्यावरून वाचकांची आवड ठरविणारा अभ्यासक अशा रीतीने नेमका उलटा निष्कर्ष काढण्याचा धोका पत्करतो.

हा नियम केवळ आपल्याकडचा नव्हे. हॅरी पॉटर मालेच्या पहिल्या खंडाच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीच्या कठीण बांधणीच्या प्रती अवघ्या ५०० छापल्या होत्या व त्यांपैकी ३०० ग्रंथालयांकडे गेल्या होत्या, असे सर्वत्र नमूद केले जाते. आज त्या आवृत्तीची सुस्थितीतील प्रत अतिशय दुर्मिळ मानली जाते, कारण बहुसंख्य प्रती मुलांच्या हाताखालून गेल्या. तेथे पुस्तकास बाजारात मूल्य आले म्हणून झिजलेल्या प्रतीही जपल्या गेल्या. आपल्याकडे 'वीरधवल'च्या जीर्ण प्रतीस असे मूल्य कोणी दिले नाही.

५

स्वातंत्र्योत्तर काळात एका नव्या प्रकारच्या आरंभाची भर पडली. मद्रासहून निघणाऱ्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' ह्या नावाने १९५२ साली सुरू झाली. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून दासरि सुब्रह्मण्यम् ह्यांनी मूळ तेलुगूत लिहिलेल्या अद्भुत धारावाहिका, बहुधा लेखकाचे नाव न छापता, त्यातून अनेक भारतीय भाषांत पोहोचल्या. मांत्रिक, उजाड नगरे, दुर्गम दुर्ग व राजपुत्रांच्या साहसयात्रा ह्यांनी भरलेल्या ह्या कथा महिनोन्‌महिने चालत. मराठी मुलास दीर्घ, कल्पित व अद्भुत अशी कथा नियमितपणे मिळू लागली ती येथे.

मासिकातील धारावाहिकेचा वाचक मात्र क्वचितच पहिल्या प्रकरणापासून आरंभ करतो. जो अंक हाती येईल तेथून तो कथेत शिरतो, आणि प्रकरणाच्या शिरोभागी दिलेला मागील कथेचा संक्षेप हाच त्याचा आरंभखंड होतो. काही ओळींच्या त्या संक्षेपात राजपुत्र कोण, वैरी कोण व संकट कोणते एवढे कळले की त्याचे काम भागते. आरंभाशिवाय कथेत शिरण्याचे हे कौशल्य त्या पिढीने 'चांदोबा'वर कमावले. आदिपर्वातील त्रिविध आरंभाची आठवण येथे व्हावी : कथा जुनी व लांब असली म्हणजे ऐकणारा आपल्यापुरता आरंभ स्वतःच करून घेतो. १९५२ साली दहा वर्षांचा असलेला वाचक आज ऐंशी ओलांडून गेला आहे, ही गोष्ट येथे नमूद करून ठेवितो. तिचा उपयोग शेवटी होईल.

ह्याच सुमारास भा. रा. भागवत ह्यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या 'चंद्रावर स्वारी', 'समुद्रसैतान' अशा नावांनी मराठी मुलांसमोर ठेविल्या, आणि १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक निघाले. तथापि सलग पुस्तकांची अद्भुतमाला, जिचा पहिला खंड कुमार वाचकाने हाती धरावा व उरलेल्यांची वाट पाहत मोठे व्हावे, अशी वस्तू मराठीत व्यापक प्रमाणावर आली ती एकविसाव्या शतकात. आणि तीही भाषांतराच्या द्वारे.

६

भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेला 'हॅरी पॉटर आणि परीस' हा त्या मालेचा मराठी आरंभखंड ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्याचे नावच पाहू. मूळ नावातील किमयेचा खडा युरोपीय परंपरेतला. अमेरिकेत १९९८ साली तो खंड प्रसिद्ध होताना हे नाव वाचकास अवघड जाईल ह्या शंकेने बदलण्यात आले. मराठीत असा प्रश्न उद्भवला नाही, कारण लोहाचे सुवर्ण करणारा परीस संतवाणीपासून घरोघरच्या म्हणींपर्यंत सर्वत्र वावरतो. परंतु हा शब्द जितके देतो तितकेच झाकतोही. आपल्या परिसाचे सामर्थ्य सोन्यापुरते. अमरत्वासाठी आपल्याकडे अमृत निराळे आहे. युरोपीय किमयागाराच्या खड्यापासून मात्र सुवर्ण व दीर्घायुष्य देणारा रस हे दोन्ही अपेक्षित होते, आणि रोलिंग ह्यांच्या कथेतील दुष्टास सोने नको असून जीवित हवे आहे. म्हणजे मराठी वाचक पुस्तकात शिरतो तो अर्धे ज्ञान घेऊन, आणि उरलेले अर्धे त्याला धक्का म्हणून मिळते. नावाच्या ह्या एका शब्दाने मराठी आरंभखंडाचे वाचन मूळ वाचनाहून निराळे केले आहे.

दुसरे उदाहरण दाराचे. ह्या मालेतील मांत्रिक विद्यालयाकडे जाणारी गाडी लंडनच्या एका स्थानकात नऊ व दहा ह्या फलाटांमधील अदृश्य अशा, नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश क्रमांकाच्या फलाटावरून सुटते. इंग्रजी वाचकास हा अपूर्णांक विचित्र वाटतो, कारण त्याचा उच्चारच लांबलचक व अंकगणिताच्या वहीतला आहे. मराठीत त्या संख्येस एकच सुटसुटीत शब्द आहे : पावणेदहा. ज्या समाजात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी मुखोद्गत करण्याची परंपरा होती, त्याच्या भाषेत अपूर्णांक परका राहत नाही. शिवाय केवळ 'पावणेदहा' म्हटले की मराठी कानास प्रथम वेळ ऐकू येते. डोंबिवलीच्या वा कल्याणच्या ज्या मुलाच्या घरातील माणसे रोज सकाळी मिनिटांच्या हिशेबाने फलाट गाठतात, त्याच्या लेखी पावणेदहा म्हणजे प्रथम गाडी, मग फलाट. परलोकाचे जे दार इंग्रजीत संख्येच्या विक्षिप्तपणावर उभे आहे, ते मराठीत वेळ आणि स्थळ ह्यांच्या सांध्यावर उभे राहते. मूळ लेखिकेला अभिप्रेत नसलेली, परंतु भाषेने आपसूक मिळवून दिलेली ही समृद्धी होय.

तिसऱ्या भागात आपण पाहिले की जुन्या मराठी मालांना दार बांधावे लागत नव्हते, कारण दुर्गाडी समोर होता. नव्या मालेत दार बांधणे अपरिहार्य झाले, आणि ते बांधताना भाषांतरकारास स्वभाषेतील कोणते साहित्य हाताशी मिळाले व कोणते मिळाले नाही, हे सर्वांत स्पष्टपणे आरंभखंडातच दिसते. कारण पारिभाषिक शब्द, मंत्रांची नावे, प्राण्यांच्या जाती, संबोधने ह्या सर्वांचा निर्णय त्यातच करावा लागतो व पुढील खंड त्या निर्णयाने बांधले जातात. टोल्किनच्या मुद्रिकाकथेचा मुग्धा कर्णिक ह्यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' ह्या नावाने केलेला अनुवाद ह्याच कसोटीवर तपासता येईल. षष्ठी विभक्ती शेवटी नेणारी ती शब्दरचना वाचकास आरंभीच प्राचीन काव्याच्या भूमीवर नेऊन ठेवते. एका अनुवादाने परिचित शब्दाचा आधार घेतला, दुसऱ्याने परिचित लयीचा. मराठीने अद्भुताची जी सवय १८८५ नंतर प्रौढ गद्यातून सोडून दिली होती, ती अशा रीतीने आरंभखंडांच्या भाषांतरात परत कमवावी लागत आहे.

ह्या ठिकाणी विषयाचे खरे गांभीर्य ध्यानात येते. ह्या परिसरातील पुष्कळ मुले आज इंग्रजी माध्यमातून शिकतात व दोन्ही भाषा वाचू शकतात. अशा वाचकाच्या बाबतीत माला कोणत्या भाषेत वाचावयाची हे पहिल्या खंडातच ठरते. आरंभखंड मराठीत हाती आला आणि त्यातील मराठी जिवंत वाटली, तर पुढील हजारो पृष्ठे तो मराठीत वाचण्याचा संभव असतो. ती कृत्रिम वाटली तर दुसऱ्या खंडापासून भाषा बदलते. ही निवड मूल करते, तिची नोंद कोठेही होत नाही, आणि ती बहुधा पुन्हा फिरत नाही.

७

ह्या निवडींचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोणती? १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी अधिनियमान्वये प्रांतोप्रांती ग्रंथांच्या त्रैमासिक याद्या होऊ लागल्या. शं. ग. दाते ह्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या १९४४ व १९६१ साली निघालेल्या खंडांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची नोंद हाती दिली. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमाने प्रती राखून ठेवण्याची तरतूद केली. ह्या सर्व साधनांवरून काय छापले गेले हे कळते; कोणी वाचले, किती वेळा वाचले व कोठे थांबले हे त्यांवरून कळत नाही. ठाण्यास १९६०, १९८८ व २०१० साली आणि डोंबिवलीस २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्यांच्या अध्यक्षीय भाषणांतून लेखकांचा इतिहास मिळेल. वाचकाचा इतिहास मात्र ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीत, पुस्तकाच्या शेवटी डकविलेल्या तारखांच्या चिठ्ठीत आणि पृष्ठांच्या कडेवरील पेन्सिलीच्या खुणांत असतो; म्हणजे ज्या वस्तू जागेच्या अभावी सर्वांत आधी रद्दीत जातात, त्यांत.

म्हणून तीन सूचना विचारार्थ मांडाव्याशा वाटतात. पहिली, ह्या परिसरातील जुन्या ग्रंथालयांनी आपल्या दाखल नोंदवह्या व देवघेव नोंदवह्या बाद करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रित प्रत करून ठेवावी, आणि आपल्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ह्या कामी हातभार लावावा. सभासदांची नावे गुप्त ठेवूनही देवघेवीचा हिशेब मांडता येतो. दुसरी, अनेकखंडी मालेचा पहिला भाग जीर्ण झाल्यास तो बाद न करता तारखांच्या चिठ्ठीसह निराळा ठेवावा; वाचनासाठी तो निरुपयोगी ठरला तरी पुरावा म्हणून त्याचे मोल त्याच्या जीर्णतेतच आहे. तिसरी सूचना सर्वांत तातडीची. 'चांदोबा'च्या आरंभीच्या वर्षांतील वाचक आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी कोणती धारावाहिका कोठून वाचावयास घेतली, अंक कोणाकडून मिळे, पहिला भाग कधी वाचावयास मिळाला की मिळालाच नाही, ह्याच्या मुलाखती आताच घेतल्या पाहिजेत. आणखी दहा वर्षांनी हे काम कोणत्याही खर्चाने होणार नाही.

वि. ल. भावे ह्यांनी आपले आयुष्य जुन्या मराठी पोथ्या मिळविण्यात व 'महाराष्ट्र सारस्वता'ची संगती लावण्यात वेचिले. त्यांच्या काळी पोथी ही गृहीत धरलेली, अडगळीत पडलेली वस्तू होती. तीत इतिहास आहे हे त्यांनी ओळखले. आपल्या काळी तीच अवस्था मुलांनी वाचून फाडलेल्या अद्भुत कादंबरीच्या पहिल्या भागाची आहे. गुणाढ्याच्या अग्नीत गेलेले सहा लक्ष श्लोक ऐकणाऱ्यांनी काय ऐकले हे सांगण्यास कोणी उरले नाही. आपल्या पहिल्या भागांचे श्रोते अद्यापि ठाण्यात, कल्याणात व डोंबिवलीत आहेत. त्यांना विचारणे एवढेच बाकी आहे.